शुभवर्तमान आणि कोतवालाची दवंडी

तुमचा प्रश्न मी दोन दिवसांत तीन वेळा वाचला. वडिलांच्या मूत्रपिंडाच्या आजारात तुमच्या आई शेजारच्या गावातील प्रार्थनासभेला जाऊ लागल्या, तेथे त्यांना सांगण्यात आले की शुभवर्तमान स्वीकारले की आजार जातो आणि घरावरचे कर्जही फिटते, त्यांनी ते मनापासून स्वीकारले, आणि गेल्या कापूस वेचणीच्या दिवसांत वडील वारले. आता त्याच सभेतील काही जण म्हणतात की घरात विश्वास कमी पडला, आणि आईंना रात्र रात्र झोप नाही. तुम्ही स्वतः ख्रिस्ती नाही. तुम्ही विचारता की शुभवर्तमान म्हणजे नेमके काय, आणि ते खरोखर शुभ असेल तर तुमच्याच घरी खोटे का ठरले.

मी यवतमाळ जिल्ह्यातील काही खेड्यांमधल्या लहान लहान ख्रिस्ती मंडळ्यांचा पाळक, म्हणजे पास्टर, आहे आणि या कामात मला एकतीस वर्षे झाली. तुमच्या प्रश्नात मला दोन गाठी दिसतात. पहिली अर्थाची आहे, ती सोडवता येईल. दुसरी आईंच्या मनातील अपराधाची आहे, आणि तुम्ही विचारत आहात ते मुख्यतः तिच्याबद्दल, असे मला वाटते. परंतु पहिली सुटल्याशिवाय दुसरीला हात घालता येत नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आधी एक सांगायला हवे. त्या सभेत नेमके कोणते शब्द उच्चारले गेले हे मी ऐकलेले नाही. कधी उपदेशक एक बोलतो आणि शेजारच्या बाया घरी येऊन त्यात चार शब्द घालतात; कधी उपदेशक स्वतःच ते चार शब्द घालतो. शिवाय ख्रिस्ती लोकांतही भर वेगवेगळ्या ठिकाणी असतो. कॅथलिक बांधव संस्कारांवर आणि मंडळीच्या परंपरेवर अधिक बोलतील, आमच्यासारखे प्रॉटेस्टंट विश्वासाने मिळणाऱ्या कृपेवर, आणि काही मंडळ्यांत आजाऱ्यांसाठी प्रार्थनेला फार मोठे स्थान असते. हे फरक खरे आहेत. तरी शुभवर्तमानाचा गाभा या सर्वांचा एकच आहे, आणि मी त्याविषयीच बोलणार आहे.

आपल्या मराठी बायबलमध्ये यासाठी दोन शब्द भेटतात. येशूचे चरित्र सांगणाऱ्या चार पुस्तकांच्या नावांत ‘शुभवर्तमान’ येतो, मत्तयकृत, मार्ककृत, लूककृत, योहानकृत. आणि आतल्या मजकुरात बहुधा ‘सुवार्ता’. मूळ ग्रीक शब्द ‘युअँगेलियॉन’, त्याचा साधा अर्थ चांगली बातमी. त्या काळी तो धार्मिक शब्द नव्हता. आजच्या तुर्कस्तानातील प्रिएने या गावी इसवी सनापूर्वी ९ या वर्षाचा एक शिलालेख सापडला आहे. त्यात रोमन सम्राट ऑगस्टस याचा जन्म ही जगासाठी शुभवार्तांची सुरुवात होती, अशा अर्थाचे शब्द कोरलेले आहेत. म्हणजे हा राजदरबाराचा शब्द होता. राजा गादीवर आला, लढाई जिंकली, राजपुत्र जन्मला की धावपटू गावोगाव जाऊन जे ओरडून सांगत ते हे. यहुदी लोकांच्या कानात यशया संदेष्ट्याचाही आवाज होता: डोंगरांवरून धावत येऊन तुझा देव राज्य करतो असे सांगणाऱ्याचे पाय किती मनोरम आहेत, असे तो म्हणतो. मार्काने आपल्या पुस्तकाच्या पहिल्याच ओळीत येशू ख्रिस्ताच्या सुवार्तेचा प्रारंभ असे लिहिले, तेव्हा वाचणाऱ्याला हे दोन्ही ऐकू आले असणार.

आमच्या खेड्यांत हे समजावताना मी दवंडीचा दाखला देतो. माझ्या लहानपणी कोतवाल डफडे वाजवत चावडीपासून निघायचा आणि प्रत्येक चौकात थांबून तेच शब्द पुन्हा सांगायचा. दवंडी हा सल्ला नसतो. वावर कधी नांगरावे, लेकराला कोणत्या शाळेत घालावे, हे कोतवाल सांगत नाही. कोठेतरी काहीतरी घडलेले आहे किंवा ठरलेले आहे, आणि त्याचा तुमच्याशी संबंध आहे, एवढेच तो कळवतो. तो निरोप्या असतो, मालक नसतो. म्हणून त्याला त्या शब्दांत आपल्या पदरची अट घालता येत नाही आणि आपल्या पदरचे आश्वासनही देता येत नाही. बायबलच्या नव्या करारात, म्हणजे येशूनंतर लिहिलेल्या भागात, ‘उपदेश करणे’ असे जेथे जेथे येते तेथील मूळ ग्रीक क्रियापद पुष्कळदा हेच आहे, जाहीर घोषणा करणे. आम्ही पाळक मंडळी कोतवाल आहोत. आमचे सगळे चुकते ते या पायरीवर.

मग दवंडी कशाची? येशूचा प्रेषित पौल याने ग्रीसमधील करिंथ येथील मंडळीला पहिले पत्र लिहिले ते येशूच्या वधानंतर सुमारे पंचवीस वर्षांनी. त्याच्या पंधराव्या अध्यायात तो म्हणतो की मला जे मिळाले तेच मी तुम्हाला सोपवले, आणि मग चार गोष्टी सांगतो: ख्रिस्त शास्त्राप्रमाणे आपल्या पापांबद्दल मरण पावला, त्याला पुरण्यात आले, तिसऱ्या दिवशी तो उठवला गेला, आणि तो पेत्र या शिष्याला, बारा शिष्यांना आणि पुढे पुष्कळांना दिसला. या चार वाक्यांतील एकाही क्रियापदाचा कर्ता तुम्ही किंवा मी नाही. आम्ही काय करावे हे त्यात आलेलेच नाही. देवाने काय केले ते आले आहे. येशू स्वतः गालीलात फिरत असताना हीच बातमी दुसऱ्या शब्दांत सांगत होता की देवाचे राज्य जवळ आले आहे. ते राज्य ज्याच्यामुळे आले तो राजा लोकांनी वधस्तंभावर दिला, आणि देवाने त्याला मेलेल्यांतून उठवून त्याच्या राजेपणावर शिक्का मारला. येशूचा उपदेश आणि पौलाची घोषणा यांचा सांधा मला येथे दिसतो.

‘आपल्या पापांबद्दल’ या शब्दांवर लोक अडखळतात, आणि अडखळावे. तुमच्या घरी शेती आहे असे तुम्ही लिहिले आहे, म्हणून त्याच भाषेत सांगतो. आपल्याकडे ‘सातबारा कोरा’ हे शब्द ऐकले की माणसाचा चेहरा बदलतो. इतर हक्कांच्या रकान्यात सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा चढलेला असतो, आणि तो उतरेपर्यंत जमीन आपली असूनही आपली नसते. प्रभूने शिकवलेली प्रार्थना मत्तयाच्या मराठी पाठात पापाला सरळ ‘ऋण’ म्हणते: आम्ही आमच्या ऋणकऱ्यांना सोडले तसे तू आमची ऋणे सोड. कलस्सै येथील मंडळीला लिहिलेल्या पत्रात तर आमच्याविरुद्धचे ऋणपत्र देवाने खोडून वधस्तंभाला खिळले असे चित्र आहे. देवाचे, शेजाऱ्याचे, बायकोलेकरांचे आपण जे देणे लागतो आणि देत नाही, त्याचा बोजा आपल्या नावावर चढत जातो. शुभवर्तमान म्हणते की तो उतरवला गेला.

परंतु कर्जमाफीत कर्ज हवेत विरत नाही. फेब्रुवारी २००८ मध्ये केंद्राच्या अर्थसंकल्पात माफी जाहीर झाली तेव्हा बँकांना त्यांचे पैसे सरकारी तिजोरीतून मिळाले. म्हणजे ते कोणीतरी भरलेच. क्षमेचेही तसेच आहे. तुमचा कोणी मोठा घात केला आणि तुम्ही त्याला खरोखर क्षमा केली, तर ते नुकसान नाहीसे होत नाही, ते तुम्ही सोसता. वधस्तंभावर देवाने आमचे नुकसान स्वतःच्या अंगावर सोसले, असे आम्ही मानतो. रागावलेल्या देवाला शांत करण्यासाठी कोणा तिसऱ्या निरपराध्याचा बळी दिला गेला, असे हे नाही. ख्रिस्तामध्ये देवच होता, असे पौल सांगतो. हे कसे घडले याचे पूर्ण स्पष्टीकरण देणाऱ्या उपपत्ती ख्रिस्ती विचारवंतांनी पुष्कळ मांडल्या आहेत. माझ्या अनुभवात खेड्यातील माणसाला सोसण्याची भाषा सर्वांत लवकर कळते, कारण त्याने ती जगलेली असते.

आणि त्याच कर्जमाफीत आणखी एक गोष्ट होती, ती विदर्भातील माणूस विसरणार नाही. पूर्ण माफी २ हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला. त्याहून अधिक जमीन असेल तर उरलेली रक्कम भरण्याच्या अटीवर काही सूट. आपली कोरडवाहू जमीन, पाच एकरांपेक्षा जास्त असूनही पोट भरत नाही, असे कितीतरी लोक त्या रेषेच्या पलीकडे राहिले. सावकाराचे कर्ज तर हिशेबातच नव्हते. बँकेच्या भिंतीवर यादी लागली की लोक बोट फिरवून आपले नाव शोधत. नाव नसले की माणूस काही न बोलता सायकल घेऊन घरी जाई. शुभवर्तमान या ठिकाणी कर्जमाफीपासून वेगळे होते. त्याला हेक्टरची रेषा नाही. किती विश्वास, किती उपवास, किती सभांना हजेरी, याची पात्रता यादी त्याला नाही. जो कोणी अशी यादी भिंतीवर लावतो, मग ती विश्वासाच्या मापाची का असेना, तो दवंडीत भर घालतो.

येथे कोणीही विचारील की मग विश्वासाचे काय, आणि पश्चात्तापाचे काय? बायबल दोन्ही मागते, हे मी लपवणार नाही. मात्र ते कशासाठी मागते हे पाहावे. रिकामा हात पुढे केल्याशिवाय भाकर घेता येत नाही, पण हात पुढे करणे ही भाकरीची किंमत नव्हे. जक्कय नावाचा जकातदार यरीहोत होता, लोकांना लुबाडून श्रीमंत झालेला. येशू त्याला म्हणाला, आज मला तुझ्या घरी उतरायचे आहे. त्यानंतर जक्कयाने अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याचे आणि लुबाडलेले चौपट परत करण्याचे कबूल केले. हा क्रम उलटा असता तर ती बातमी राहिली नसती, तो व्यवहार झाला असता. आमच्या एका मंडळीत एका भावाने वीस वर्षांपूर्वी सरकवलेला बांध बाप्तिस्म्यानंतर स्वतः मागे घेतला. त्याला कोणी सांगितले नव्हते. असा बदल दिसला नाही तर बातमी कानावरूनच गेली असे मी समजतो. पण बदल हे फळ आहे, आणि झाड लावण्याआधी फळ मागणारा शेतकरी मी पाहिलेला नाही.

ऋणाचा दाखलाही एका ठिकाणी थांबतो. सातबारा कोरा झाला तरी शेतकरी आणि बँक यांचे नाते खातेदाराचेच राहते, आणि पुढच्या पेरणीला तो पुन्हा रांगेत उभा असतो. लूकाच्या पंधराव्या अध्यायात येशूने सांगितलेला धाकटा मुलगा वाटणी उडवून घरी परततो तेव्हा त्याने मनात बोलणे जुळवून आणलेले असते: बाबा, मी चुकलो, मुलगा म्हणवून घ्यायला योग्य नाही, मला आपल्या एका मोलकऱ्यासारखे ठेवा. आमच्याकडे मी हे ‘मला सालदार म्हणून ठेवा’ असे सांगतो, कारण सालदार आणि घरचा पोरगा यांत काय अंतर असते हे येथे प्रत्येकाला ठाऊक आहे. बाप धावत येतो, गळ्यात पडतो, मुलगा बोलू लागतो, आणि सालदारकीचे वाक्य येण्याआधीच बाप चाकरांना झगा, अंगठी आणि जोडा आणायला सांगतो. ते वाक्य त्याने उच्चारायचे राहूनच जाते. बोजा उतरणे ही अर्धी बातमी आहे. उरलेली अर्धी ही की देव आपल्याला मजुरीवर ठेवत नाही, घरात घेतो.

मजुरीवरून एक प्रसंग आठवतो. द्राक्षमळ्याच्या मालकाचा दाखला मी एकदा ऐन वेचणीच्या दिवसांत वाचला. पहाटे आलेल्याला एक दीनार, दिवस मावळायला एक तास असताना आलेल्यालाही एक दीनार. आणि दीनार म्हणजे तेव्हाची दिवसभराची मजुरी. बाया चिडल्या. वेचणीत काट्यावर किलो जेवढे भरतील तेवढे पैसे. ही कोणती रीत? मी उत्तर जुळवत होतो, तेवढ्यात मागे बसलेली एक म्हातारी म्हणाली, “लेकरं तं त्याचीबी पुरीच भुकेली असतीन नं.” त्यानंतर मी बोललो नाही. कृपा या शब्दावर मी इतकी वर्षे जे शिकवत होतो त्यापेक्षा ते वाक्य अधिक अचूक होते. मराठी ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळक म्हणत की ते तुकारामाच्या सेतूवरून ख्रिस्ताकडे आले; आपल्या मातीतील माणसाला कृपेची भाषा परकी नाही, हे त्या दिवशी मला पुन्हा कळले.

आता आजाराकडे येतो, आणि येथे मला स्वतःची चूक सांगितली पाहिजे. पाळक होऊन तीन-चार वर्षे झाली असताना मी एका आजारी माणसाच्या खाटेजवळ उभा राहून त्याच्या बायकोला म्हणालो होतो, विश्वास ठेवा, हे उठून बसतील. मला ते खरेच वाटत होते. पंधरा दिवसांनी आम्ही त्यांना माती दिली. परतताना त्या बाईंनी मला विचारले, “माहा विश्वास कितीक कमी पडला जी, पास्टर?” मला उत्तर देता आले नाही. त्या बाईंचा प्रश्न आणि तुमच्या आईंचा प्रश्न एकच आहे, म्हणून मी इतके लांब लिहीत आहे. कोतवालाने स्वतःच्या पदरचे आश्वासन दिले होते, आणि ते न पाळल्याचा दोष एका विधवेच्या पदरात टाकला होता.

त्यानंतर मी शास्त्र पुन्हा वाचले. पौलाच्या हातून लोक बरे झाले असे लिहिले आहे. तोच पौल आपला तरुण सहकारी तीमथ्य याला लिहितो की त्रफिम या सोबत्याला मी मिलेत येथे आजारी असतानाच मागे ठेवले. त्याच तीमथ्याला तो पोटासाठी आणि वारंवारच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घेण्याचे सुचवतो; त्या काळचा तो घरगुती उपचार होता, आणि तुझा विश्वास कमी आहे असे तो कोठेही म्हणत नाही. त्याच्या स्वतःच्या शरीरात एक काटा होता. तो काढावा म्हणून त्याने तीनदा विनंती केली, आणि उत्तर मिळाले की माझी कृपा तुला पुरेशी आहे. काटा तसाच राहिला. पौलाचा विश्वास कमी पडला असे म्हणणारा ख्रिस्ती माणूस मला अद्याप भेटलेला नाही. मग हे माप तुमच्या आईंनाच का लावायचे?

मी आजही आजाऱ्यांसाठी प्रार्थना करतो. काही बरे झालेले मी पाहिले आहेत, त्यांतील एक-दोघांचे डॉक्टरांनाही नवल वाटले. पुष्कळ बरे झाले नाहीत, आणि त्यांत माझी सख्खी बहीणही होती. कोण बरे होईल हे त्या त्या प्रसंगावर, आजारावर, उपचार वेळेवर मिळण्यावर आणि शेवटी देवाच्या इच्छेवर अवलंबून असते, आणि ती इच्छा मला आधी कळत नाही. म्हणून औषध, डायलिसिस, दवाखान्याची तारीख यांपैकी काहीही प्रार्थनेसाठी सोडू नये असे मी प्रत्येक घरी सांगतो. कर्जाचेही तसेच: मंडळीने अडचणीतील कुटुंबाला हात द्यावा हे शुभवर्तमानाचे फळ आहे, आणि आरंभीच्या मंडळीने ते केलेले आहे, पण बँकेचा हप्ता चमत्काराने फिटेल असे वचन त्यात कोठेही नाही. बरे होणे हे या बातमीचे चिन्ह आहे. बातमी स्वतः ही आहे की मरणावर शेवटचा शब्द मरणाचा नाही, आणि ख्रिस्त उठला यावर ती उभी आहे. पौल तर म्हणतोच की ख्रिस्त उठला नसेल तर आमचा विश्वास व्यर्थ आहे. म्हणजे बातमी खोटी ठरायची तर ती तेथे, त्या कबरीपाशी ठरेल. तुमच्या वडिलांच्या खाटेपाशी खोटे ठरले ते कोणीतरी मध्येच जोडलेले आश्वासन.

तुम्ही यावर विश्वास ठेवावा असा माझा आग्रह या उत्तरात नाही. तुम्ही अर्थ विचारला म्हणून अर्थ सांगितला. आईंनी त्या सभेला जावे की नाही, हे मी दुरून ठरवू शकत नाही. तेथे त्यांना चार मायेची माणसे भेटत असतील तर ते एकदम तोडणे त्यांना जड जाईल. तुम्ही स्वतः एकदा त्यांच्याबरोबर जावे आणि उपदेशकाला सर्वांसमोर नव्हे, बाजूला नेऊन विचारावे की वडिलांच्या मृत्यूला आईंचा विश्वास कारण आहे असे आपण मानता का. तो नाही म्हणाला तर हेच आईंना समोर बसवून सांगा, अशी विनंती करावी. त्याच्या तोंडून ऐकण्याचा उपयोग माझ्या लिहिण्यापेक्षा अधिक होईल. तो हो म्हणाला तर दुसरी मंडळी शोधण्यास मी मदत करीन.

आणि एखाद्या संध्याकाळी लूकाचा सातवा अध्याय, अकरा ते सतरा ही वचने, आईंना मोठ्याने वाचून दाखवावीत. नाईन गावाच्या वेशीवर प्रेतयात्रा निघालेली आहे. मेलेला तरुण आपल्या आईचा एकुलता एक मुलगा आहे, आणि ती विधवा आहे. येशू तिला तुझा विश्वास आहे का असे विचारत नाही. तिने काही मागितलेलेही नाही. तिला पाहून त्याला कळवळा येतो, आणि तो तिला पहिले जे शब्द बोलतो ते ‘रडू नकोस’ एवढेच आहेत. तेथे थोडे थांबावे, लगेच पुढे वाचू नये. आई काही बोलल्या तर ऐकून घ्यावे, आणि तुम्हाला योग्य वाटले तर मला कळवावे.